पालथी काच

लिहायला बसलीस ना? मग मी बोलते तसंच उतरव. मध्येच "आजी, हे वाक्य नीट करू का" म्हणून थांबवू नकोस. वाक्यं नीट करायची असती तर मी शाळेत गेले असते.

तुझ्या आईचा मामा, माझा धाकटा भाऊ, गेल्या वर्षी गेला. तू होतीस तेव्हा, सगळ्यांना पाणी देत फिरत होतीस. शोकसभेत हॉस्पिटलातली माणसं उठून दोन-दोन शब्द बोलली. जो तो तेच सांगत होता, असा हाताचा पक्का माणूस पुन्हा व्हायचा नाही, तीस वर्षांत एक चूक नाही. त्याची एक चूक त्यांना चांगली माहीत होती. त्यानेच प्रत्येकाला सांगितली होती, नव्या आलेल्यांना तर पहिल्याच दिवशी. पण गेलेल्या माणसाबद्दल असं बोलतात, चांगुलपणाने. मी समोरच बसले होते. त्याच्या चुकीच्या मागे माझी एक आहे, ती मात्र त्याने कुणाला सांगितली नाही. ती माहीत असलेली दोन माणसं होती, दोघंही गेली. म्हणून तुला बसवलंय.

आधी त्याचं सांगते, नाहीतर तुला वाटेल तो नुसता चूक करणाराच होता.

आमचे वडील धार लावायचे. सायकलला चाक जोडलेलं, सायकल स्टँडवर लावायची आणि पायडल मारत सुऱ्या-कातऱ्या घासायच्या. महिन्यातून दोनदा हॉस्पिटलातही जायचे. तिथे वरच्या मजल्यावर एक खोली होती, तिथे माणसांच्या गाठी यायच्या. ऑपरेशनमध्ये काढलेल्या गं. गाठीचा तुकडा मेणात बसवायचा, त्याचा काडेपेटीएवढा ठोकळा करायचा, तो मशीनवर लावून त्याचे काप काढायचे आणि ते काचेवर चिकटवून डॉक्टरांनी दुर्बिणीतून बघायचे. त्या मशीनला भलंमोठं पातं लागायचं. तेव्हा पाती फेकत नसत, धार लावून लावून वापरायचे. ते काम वडिलांकडे.

भाऊ अठराचा असेल. वडिलांबरोबर गेला होता पातं पोचवायला. मशीनवरचा माणूस त्या दिवशी आलेला नव्हता आणि म्हातारे डॉक्टर करवादत होते. हा म्हणाला, "मी फिरवून बघू?" वडिलांनी असे डोळे वटारले म्हणे! पण याने चाक धरलं आणि काप निघाला. कांद्याच्या फोडीला आतून जो पातळ पापुद्रा असतो ना, श्वास सोडला तर उडेल असा, तसा. एकामागून एक चिकटलेले, रिबिनीसारखे. म्हातारे डॉक्टर वडिलांना म्हणाले, "आजपासून पातं घेऊन जा, मुलगा ठेवून जा."

झालं. तेव्हापासून तो तिथला. नखांत कायम मेण भरलेलं, म्हणून सगळे त्याला मेण्या म्हणायचे. त्याला त्याचा राग नव्हता. उलट कुणी खऱ्या नावाने हाक मारली तर मागे वळून बघायचा की कुणाला बोलावतायत.

मी त्याच हॉस्पिटलात, तळघरात, धुलाईखात्यात. चादरी, गाऊन, पडदे. आमच्या भिंतीला लागूनच ठोकळ्यांची खोली होती. एकदा काप काढून झाले की ठोकळा टाकत नाहीत बरं का, नंबर घालून कपाटात ठेवतात, वर्षानुवर्षं. दुपारी आम्ही दोघं तिथे बसून डबा खायचो. गार असायचं, आणि शांत. मी म्हणायचे, "काय रे, आजूबाजूला सगळ्या गाठीच गाठी, घास उतरतो कसा तुझा?" तो म्हणायचा, "ताई, तुझ्या मशीनमधलं पाणी मी बघितलंय. तू आधी सांग, तुझा कसा उतरतो."

त्याची बायको शिवणकाम करायची. लग्न कसं जमलं ते ऐक. ती वडिलांकडे कातर घेऊन यायची धार लावायला, आणि सुट्टीच्या दिवशी धार भाऊ लावायचा. एका महिन्यात तीनदा आली. वडील म्हणाले, "पोरी, तू कापड कापतेस की दगड?" ती म्हणाली, "काका, कातर चांगली आहे हो, तुमच्या मुलाने लावलेली धार टिकत नाही. त्यालाच पुन्हा लावायला सांगा." आमचा हा लाल. वडील हसू दाबत आत गेले. मूलबाळ झालं नाही त्यांना, पण घर कधी मुकं नव्हतं. दोन खोल्या, पुढच्या खोलीत तिचं मशीन. तिचं तोंड आणि मशीन एकाच पायडलवर चालायचं. बोलायची थांबली की समजायचं, तोंडात टाचण्या धरल्यात.

एक गोष्ट तिची लक्षात ठेव. कापड कितीही साधं असो, कातर लावण्याआधी ती ते दोन्ही बाजूंनी उजेडात धरायची, तळवा फिरवायची. सुलटी बाजू कुठली, उलटी कुठली. मी एकदा म्हटलं, "अगं, रोजचं पांढरं कापड, त्याला कसलं उलटं-सुलटं?" तर म्हणाली, "वन्सं, जे दोन्हीकडून सारखं दिसतं ना, तेच फसवतं."

पुढे हॉस्पिटलात डॉक्टरीणबाई आल्या. बारीकशा, भरभर चालणाऱ्या, बोलताना समोरच्याचं पूर्ण ऐकून घेणाऱ्या. त्यांनी एक काम काढलं. त्यांना वीस वर्षांपूर्वीच्या बायकांचे ठोकळे हवे होते, छातीच्या गाठींचे. सव्वाचारशे. कोण जगली, किती वर्षं जगली, कोण गेली, हे सगळं जुन्या कागदांतून शोधून काढलेलं. मग त्या प्रत्येकीच्या ठोकळ्याचे नवे काप काढायचे, त्यातला गाठीचा भाग खरवडून एका नळीत घालायचा आणि तपासायचा.

काय तपासायचा, ते मला भावाने खिडकीत उभं करून समजावलं. धुलाईच्या वरच्या झरोक्यातून समोरची नर्सांची इमारत दिसायची. म्हणाला, "ताई, ती बघ. प्रत्येक खोलीत तेवढेच दिवे, तीच बटणं. पण आत्ता कुठल्या खोलीत कुठला दिवा लागलाय, कुठला मिणमिणतोय, त्यावरून तुला कळतं की नाही, कोण निजायच्या तयारीत आहे आणि कोण बॅग भरून निघायच्या?" मी म्हटलं, "त्यावरून मला एवढंच कळतं की त्यांना विजेची किंमत नाही." तो म्हणाला, "ऐक तर. शरीराच्या कणाकणात सगळे जीन असतात, जसे खोलीत सगळे दिवे. सगळे एकदम लागत नाहीत. दोन गाठी दुर्बिणीत अगदी सारख्या दिसतात, पण एकीत जागेवर बसायचे दिवे लागलेले, दुसरीत पसरायचे. डॉक्टरीणबाई सव्वाचारशे बायकांचे दिवे बघून त्यांची नक्षी शोधतायत. ज्या गेल्या त्यांच्यात कुठले लागले होते, ज्या जगल्या त्यांच्यात कुठले."

भावजयीला त्याने घरी हेच सांगितलं तर ती म्हणाली, "म्हणजे वीण बघून कापड किती धुण्यांना टिकेल ते सांगायचं. हे मीपण सांगते, मला कुणी डॉक्टरीण म्हणत नाही."

दीड वर्ष त्याने ते ठोकळे कापले. त्या कामासाठी तळघरातली कपाटं वेगळी लावली. झरोक्याकडची कपाटं जगलेल्यांची, भिंतीकडची गेलेल्यांची. भिंतीकडची जास्त भरली होती. त्यातल्या काहींच्या चादरी मी धुतल्या असतील. तो कापताना नंबर पुटपुटायचा. म्हणायचा, नावं लिहिलेली नसतात, पण नंबराशी तरी बोलावं.

आणि ती नक्षी सापडली, बरं का. दिवे मोजून एक आकडा काढायचे. आकडा लहान आला तर धोका कमी, नुसत्या गोळ्यांवर भागतं. मोठा आला तर ते जबर औषध द्यायचं, शिरेतून, केस जाणारं. त्याआधी भीतीपोटी सगळ्यांनाच ते द्यायचे, गरज असो नसो. कितीतरी जणी त्यातून सुटल्या. भाऊ मात्र मला बजावायचा, "हा आकडा एका बाईचा नसतो ताई, शंभर बायकांचा असतो. शंभरातल्या इतक्या जगतात, एवढंच तो सांगतो. तू त्यातली कितवी, ते कुणी सांगत नाही."

आता त्या खोलीचा नियम सांगते. कुठे लिहिलेला नव्हता, पण म्हाताऱ्या डॉक्टरांपासून चालत आलेला. आपल्या माणसाचा ठोकळा आपण कापायचा नाही. भाऊ, बहीण, शेजारी, कुणीही ओळखीचं असलं तरी दुसऱ्याने कापायचा. त्याच्याबरोबर कापायला एक बाई होती, सडसडीत, काप चिमट्याने असा उचलायची की पाण्याला कळायचं नाही. तिला सगळे चिमटी म्हणत. तिच्या वडिलांचा ठोकळा आला तेव्हा ती न बोलता उठली, याच्या टेबलावर ठेवला आणि बाहेर जाऊन बसली. असा तो नियम.

मग भावजयीला गाठ आली. पावट्याच्या दाण्याएवढी. ऑपरेशन झालं, गाठ निघाली, काखेतलं सगळं स्वच्छ. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आता आकडा काढू आणि मग ठरवू, जबर औषध द्यायचं की नाही." भावजय मला म्हणाली, "वन्सं, केस गेले तर चालतील मला. पण हातांना मुंग्या येतात म्हणे त्या औषधाने. सुई कशी धरणार मी?"

तिचा ठोकळा चिमटीकडे जायला हवा होता. भावाने तो आपल्याकडे घेतला.

चिमटीने मला हे नंतर सांगितलं. ती म्हणाली, "मेण्याभाऊ, द्या इकडे. नियम माहीत आहे ना?" हा म्हणाला, "तुझा हात चांगला आहे. पण हिच्यासाठी मला माझाच हात हवा." ती म्हणाली, "मी डॉक्टरीणबाईंना सांगेन." तर म्हणाला, "सांग. पण आधी चहा पिऊन ये." ती गेली चहाला. तिलाही वाटलं, याच्याइतकं जपून कोण करणार?

आता नीट लिही, इथे सगळं आहे. खरवडायचं कसं, तर एक काच रंगवलेली असते. तिच्यावर डॉक्टरीणबाई बारीक पेनने गोल काढतात, की एवढ्यात गाठ आहे, बाहेरचं सगळं चांगलं मांस आहे. ती खुणेची काच खाली ठेवायची, तिच्यावर कोरी काच, म्हणजे बिनरंगाचा काप असलेली. खालचा गोल वरून दिसतो. पात्याने तेवढंच खरवडायचं. सोपं काम. त्याने हजारदा केलेलं.

खुणेच्या काचेच्या टोकाला कागद चिकटवलेला, त्यावर नंबर असतो. तिचा नंबर. त्याने ती काच खाली ठेवली आणि तो नंबर डोळ्यांसमोर आला. इतरांच्या नंबरांशी बोलणारा माणूस, हा नंबर त्याला बघवेना. म्हणून त्याने खुणेची काच पालथी घातली. नंबर खाली गेला, दिसेनासा झाला. गोल दिसत होताच, काच काय, दोन्हीकडून आरपार. पण पालथी घातली की इकडचं तिकडे होतं. काप वेडावाकडा असता तर वरच्या काचेशी जुळला नसता आणि त्याला लगेच कळलं असतं. तिचा काप शर्टाच्या बटणासारखा गोल होता. दोन्हीकडून सारखा.

त्याने अगदी जपून, थेट कडेपर्यंत, एक कणही वाया न घालवता खरवडलं. तिचं चांगलं मांस.

आकडा आला तो इतका लहान, की डॉक्टरीणबाई स्वतः तळघरात आल्या सांगायला. जबर औषध नको, गोळ्या पुरे. भावजयीने त्या दिवशी मला मशीनवरून उठून मिठी मारली, खांद्यावर टेप तसाच. म्हणाली, "बघा, तुमच्या भावाने एकदा तरी टिकणारी धार लावली." चौदा महिने चांगले गेले. दोन मोठ्या ऑर्डरी शिवल्या तिने, शाळेचे गणवेश. भाऊ घरी जाताना शीळ घालायचा. मी त्याला तोवर कधी शीळ घालताना ऐकलं नव्हतं. भयंकर वाईट घालायचा.

चौदा महिन्यांनी डॉक्टरीणबाईंनी सगळ्या जुन्या काचा जुळवून, खोक्यांत लावून ठेवायला सांगितल्या. खुणेची काच आणि खरवडलेली काच जोडीने. तिची जोडी त्याने हातात घेतली. आता नंबर बघायची भीती नव्हती, सगळं बरं होतं ना. दोन्ही काचा त्याने झरोक्याशी धरल्या, सुलट्या. गोल डावीकडे होता. खरवडलेली जागा उजवीकडे. डावीकडे गाठ तशीच्या तशी बसलेली, हात न लागलेली.

तो धुलाईत आला तेव्हा माझं मोठं मशीन फिरत होतं. तोंडाला रंग नाही. मी म्हटलं, "काय रे, पडलास का?" त्याने सगळं सांगितलं, मशीनच्या आवाजात, ओरडून सांगावं लागलं त्याला. मला दोनदा सांगावं लागलं. मग म्हणाला, "ताई, मी वर जाऊन सांगतो."

आणि मी त्याचा हात धरला.

मी म्हटलं, "थांब. ती कशी आहे आत्ता?"

"बरी आहे."

"खाते-पिते, मशीनवर बसते?"

"हो."

"मग तुला काय कळतंय? तूच म्हणतोस ना, आकडा शंभर बायकांचा असतो. असेल ती चांगल्यांतली. मोठा आकडा येऊनही जगतात की नाही काही जणी?"

"जगतात काही."

"मग झालं तर. तू सांगितलंस की तिच्या डोक्यात रोजची भीती घालशील. नोकरी जाईल ती वेगळीच. तीस वर्षांचं नाव मातीत. नीट चाललेल्या घरात तू आपल्या हाताने विस्तव टाकणार? गप्प बस. माझी शपथ आहे तुला."

माझ्या शब्दाबाहेर तो कधी गेला नव्हता. लहानपणी मी त्याला उचलून फिरवलंय. तो गप्प बसला. शीळ बंद झाली.

मला खरंच वाटत होतं की मी त्याचं घर वाचवतेय. हे लिही. आणि हेही लिही, की मला भावाची भीती जास्त होती, भावजयीची कमी. ती दिसायला ठणठणीत होती, हा माझ्या डोळ्यांसमोर कोसळत होता. मी समोरच्याला धरलं.

सात आठवडे. सात आठवड्यांनी भावजय म्हणाली, "कंबर दुखते हो, खुर्ची बदलायला हवी." भाऊ नवी खुर्ची घेऊन आला. खुर्ची बदलून चार दिवस झाले तरी दुखत होतं. पाचव्या दिवशी, भर दुपारी, तो कामावरून मधूनच उठून घरी गेला आणि तिच्या मशीनसमोर उभं राहून सगळं सांगून टाकलं.

हे मला तिने स्वतः सांगितलं, म्हणून मला शब्द न् शब्द माहीत आहे. ती एका झग्याची बाही लावत होती. ऐकता ऐकता पायडल थांबवलं नाही, बाही पुरी केली, दोरा तोडला. मग म्हणाली, "अहो, सुलटं-उलटं न बघता कातर लावलीत?"

तो रडायला लागला. ती म्हणाली, "म्हणजे तुम्ही माझं चांगलं होतं तेच तपासलंत. चला, ते तरी चांगलं निघालं." आणि हसली म्हणे. मग विचारलं, "केव्हा कळलं तुम्हाला?" त्याने सांगितलं, सात आठवडे झाले. ती थोडा वेळ टाचण्या डबीत भरत राहिली. म्हणाली, "एवढे दिवस पोटात ठेवणं तुमच्याने व्हायचं नाही. वन्संनी गप्प बसवलं ना?"

तो खाली पडलेल्या टाचण्या वेचायला वाकला. तेच उत्तर.

दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "डॉक्टरीणबाईंकडे जा आणि सांगा. एकटे जाऊ नका. वन्संना घेऊन जा." मला कळलं, का घेऊन जायला सांगितलं ते. मी गेले. डॉक्टरीणबाईंच्या खोलीत दोन खुर्च्या होत्या, आम्ही शेजारी शेजारी बसलो. तो बोलला. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. शेवटी दोन्ही काचा हातात घेतल्या, उजेडात धरल्या, खाली ठेवल्या. आणि विचारलं, "सात आठवडे का थांबलात?"

खोलीत मी होते. माझी खुर्ची त्याच्या खुर्चीला लागून होती. मी माझ्या हातांकडे बघत बसले, साबणाने फाटलेले हात, जसं काही उत्तर तिथे लिहिलंय आणि मला वाचता येत नाही.

तो म्हणाला, "भीती वाटली बाई. माझी मलाच."

नवा काप चिमटीने काढला, तिनेच खरवडला. आकडा मोठा आला. किती मोठा ते मला विचारू नकोस. फोटो काढले तर मणक्यात, कमरेच्या हाडात, दोन्हीकडे पोचलेलं. मग जबर औषधही दिलं. केस गेले, हातांना मुंग्या आल्या, सुई धरवेना. सगळं झालं ज्याच्यातून सुटली म्हणून तिने मला मिठी मारली होती, आणि त्याचा उपयोग आता अर्धाही नव्हता. डॉक्टरीणबाईंना मी एकदा जिन्यात गाठून विचारलं, त्या सात आठवड्यांनी फरक पडला असता का. त्या म्हणाल्या, "नाही. सुरुवातीचे चौदा महिने गेले तेच. सात आठवड्यांनी फरक पडला नसता." त्या खोटं बोलणाऱ्यांतल्या नव्हत्या. पण चार पायऱ्या उतरून त्या पुन्हा वर आल्या आणि तेच वाक्य परत म्हणाल्या.

भावजय माझ्याशी कशी वागली, तर नेहमीसारखी, हेच वाईट होतं. मी रोज जायचे, अंग पुसायचे, चादर बदलायचे. एवढ्या चादरी धुतल्या जन्मात, तिची घालताना कोपरे पुन्हा पुन्हा खोचत बसायचे. तिने कधी शब्दाने बोलून दाखवलं नाही. एकदाच, दुपारची, माझ्या हातात सुई-दोरा दिला, "वन्सं, ओवून द्या हो." मला दिसेना, चार वेळा दोरा हुकला. ती म्हणाली, "राहू द्या. आपल्या दोघींना मिळून एक सुई झेपत नाही आता." माफ केलं असं ती म्हणाली नाही. मीही मागितली नाही. मागितली तर द्यावी लागेल तिला, आणि ती देईल, आणि मग मला झोप लागेल, असं वाटलं. तेवढं तरी घेऊ नये तिच्याकडून.

अकरा महिन्यांनी ती गेली.

नोकरी गेली नाही त्याची. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मशीनवर राहा. त्यानेच ऐकलं नाही. पातं खाली ठेवलं ते ठेवलंच, निवृत्त होईपर्यंत तळघरात ठोकळे लावत बसला. दोन गोष्टी मात्र त्याने मागून घेतल्या. सगळ्यांसमोर, एकेकाच्या तोंडावर, चूक काय झाली ते सांगायची. आणि वहीतला आकडा बदलायचा. आकडा काढलेल्या नव्या बायकांचं पुढे काय होतं, तेही डॉक्टरीणबाई वहीत लिहायच्या, आणि तिच्या नंबरापुढे पहिला लहान आकडा लागला होता. तो तसाच राहिला असता आणि पुढे "गेली" अशी खूण पडली असती, तर त्या नक्षीतच खोट शिरली असती. पुढच्या बायकांचे दिवे वाचताना तिचा खोटा दिवा मध्ये आला असता. तो म्हणायचा, "माझी लाज राखायला तिच्या नंबराने दुसऱ्या बाईला फसवायचं?" आकडा खोडला, खरा घातला. तेव्हापासून तिथे प्रत्येक खुणेच्या काचेचा एक कोपरा हिऱ्याच्या टोकाने ओरखडतात, बोटाला लागावा म्हणून. ओरखडा बोटाला लागला नाही तर काच पालथी आहे. ही युक्ती त्याची. शिंप्याकडून शिकलो, असं सांगायचा.

आकडा काढलेल्या नव्या बायकांचे ठोकळेही त्याच कपाटांत लागायचे, म्हणून ती गेल्यावर तिचा ठोकळा झरोक्याकडच्या कपाटातून भिंतीकडच्या कपाटात न्यायचा होता. कपाटं त्याच्याच ताब्यात. आठ दिवस त्याने कपाट उघडलं नाही. नवव्या दिवशी चिमटीला खाली बोलावलं. म्हणाला, "आपल्या माणसाचा ठोकळा आहे. तू ने." आणि बाहेर येऊन धुलाईच्या दारात माझ्याशेजारी उभा राहिला. आतून खण ओढल्याचा आवाज आला, थोड्या वेळाने दुसरा खण लावल्याचा. मध्ये दहा-बारा पावलांचं अंतर आहे. आम्ही दोघं ती पावलं ऐकत होतो. मी म्हटलं, "मेण्या, मी सांगू का डॉक्टरीणबाईंना, तुला कुणी थांबवलं ते?" तो म्हणाला, "कशाला? हात माझा होता." मी म्हटलं, "गप्प बसवणारी मी होते." तो म्हणाला, "ताई, चादरी वाळत घाल, जा."

आणि मी गेले. सुटले म्हणून गेले, खोटं कशाला बोलू.

पुढे तो एकोणीस वर्षं जगला. डबा आम्ही तिथेच खायचो. त्या विषयावर एक शब्द पुन्हा झाला नाही.

डॉक्टरीणबाई अजून आहेत. थकल्यात, पण आहेत. चिमटीकडे त्यांचा पत्ता आहे, फोन करून घे. हे सगळं नीट अक्षरात उतरव आणि त्यांना पाठव. वर एवढंच लिही, की तुम्ही खोलीत विचारलं होतं, सात आठवडे का थांबलात. तेव्हा उत्तर भावाने दिलं. ते द्यायचं मला होतं.

खाली माझा अंगठा घे. शाई आहे ना घरात?